वर्ग तोच, बाक वेगळं : नाझी जर्मनीत ज्यू मुलांची शाळा कशी सुटत गेली

१५ नोव्हेंबर १९३८ रोजी जर्मनीचा शिक्षणमंत्री बेर्नहार्ड रुस्ट याच्या खात्यातून एक आदेश निघाला. जर्मन शाळांत अजून जी ज्यू मुलं शिकत आहेत त्यांची नावं ताबडतोब काढून टाकावीत, असा तो आदेश होता. कारणही दिलं होतं. पॅरिसमध्ये एका ज्यू मुलाने केलेल्या जर्मन अधिकाऱ्याच्या हत्येनंतर ज्यू मुलांना शिकवत राहा असं कुठल्याही जर्मन शिक्षकाला सांगता येणार नाही, आणि त्यांच्यासोबत एका वर्गात बसणं जर्मन मुलांना असह्य आहे हे तर उघडच आहे, असं त्यात म्हटलं होतं.

त्या आदेशातला ‘अजून’ महत्त्वाचा आहे. तोवर बहुतेक ज्यू मुलं जर्मन शाळांतून गेलेलीच होती. प्राथमिक शाळेतून ज्यू मुलाला काढा असं सांगणारा देशव्यापी कायदा नोव्हेंबर १९३८ पर्यंत जर्मनीत नव्हता. उलट शिक्षण सक्तीचं होतं, म्हणजे शाळेला मूल ठेवून घेणं भागच होतं. तरीही १९३७ पर्यंत, देशात उरलेल्या शाळकरी ज्यू मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलं ज्यू समाजाच्या स्वतःच्या शाळांत गेली होती. १९३३ च्या सुमारास हे प्रमाण जेमतेम चौथा हिस्सा होतं. कायद्याने न काढता मुलं कशी गेली, हे नीट समजून घेतलं की ज्यूद्वेष लहान मुलापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो ते कळतं. आपल्याकडे हा इतिहास सांगताना थेट गॅस चेंबरपासून सुरुवात होते. त्याआधीची आठ-नऊ वर्षं गाळली जातात, आणि मुलांनी ती वर्षं शाळेत काढली होती.

ही मुलं होती कोण

१९३३ मध्ये जर्मनीत धर्माने ज्यू असलेले सुमारे ५ लाख लोक होते. साडेसहा कोटींच्या देशात एक टक्क्याहून कमी. त्यातले जवळपास एकतृतीयांश एकट्या बर्लिनमध्ये. हेसन, फ्रँकोनिया अशा भागांत मात्र खेड्यापाड्यांतून गुरांचे व्यापारी, कापड दुकानदार असलेली ज्यू घरं पिढ्यानपिढ्या होती. बहुतेक मुलं घरीदारी जर्मनच बोलत. पहिल्या महायुद्धात सुमारे १ लाख ज्यू जर्मन सैन्यात लढले आणि १२ हजारांच्या आसपास मेले. त्यामुळे अनेक घरांत वडिलांचं किंवा काकांचं युद्धपदक असे. हे पदक पुढे दोनदा महत्त्वाचं ठरतं, म्हणून लक्षात ठेवा.

द्वेष नाझींनी शोधून काढलेला नव्हता. येशूला ज्यूंनी मारलं हा आरोप चर्चमधून शतकानुशतकं होत आला होता. कॅथलिक चर्चने तो अधिकृतपणे सोडला १९६५ मध्ये. सावकारीचा राग होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘वंशा’ची नवी भाषा आली. तोवर धर्म बदलला की सुटका होई. वंशाच्या भाषेत तो दरवाजा बंद झाला. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सलर झाला आणि या सगळ्याच्या मागे सरकार उभं राहिलं.

१९३३ : टक्केवारीचं गणित

७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने सरकारी नोकरीतले ज्यू काढले गेले. शिक्षकही सरकारी नोकरच, त्यामुळे शाळेतले बरेच ज्यू मास्तर आणि बाई एकाच झटक्यात दिसेनाशा झाल्या. अठरा दिवसांनी, २५ एप्रिलला, ‘जर्मन शाळा आणि विद्यापीठांतली गर्दी’ रोखण्याचा कायदा आला. नाव गर्दीचं, पण गर्दी कुणाची ते पोटनियमांत होतं. नव्या प्रवेशांत ‘बिगर-आर्य’ (म्हणजे मुख्यतः ज्यू) १.५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, आणि जिथे आधीच जास्त आहेत तिथे एकूण संख्या ५ टक्क्यांपर्यंत खाली आणायची. हा नियम सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाला लागू नव्हता. चार वर्षांच्या पायाभूत शाळेनंतर, साधारण दहाव्या वर्षी, मूल ज्या माध्यमिक शाळेत जाई तिथून तो सुरू होई.

आकडे घालून पाहू. समजा एका माध्यमिक शाळेत ४०० मुलं आहेत. त्यात ज्यू मुलांची कमाल मर्यादा २०. यंदा ८० नवे प्रवेश आहेत, तर ज्यू मुलांना त्यातल्या जागा १.२, म्हणजे प्रत्यक्षात एक. त्या पेठेत दहा वर्षांची पाच ज्यू मुलं असतील, तर चौघांचं काय करायचं हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

सवलती होत्या. वडील आघाडीवर लढलेले असतील तर ते मूल मोजणीत धरायचं नाही. आई-वडिलांपैकी एक किंवा आजी-आजोबांपैकी दोघे ‘आर्य’ असतील तरीही नाही, फक्त लग्न कायद्याआधीचं हवं. शिक्षकांनाही आघाडीची सवलत होती. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग जुना सेनापती, त्याने ती आग्रहाने घालून घेतली होती. वडिलांनी लष्करी कागद शाळेच्या कार्यालयात नेऊन दाखवला की नाव टिके.

ही सवलत घातक ठरली, कारण तिने खोटा धीर दिला. ‘आपण लढलोय, आपल्याला कुणी हात लावणार नाही’ असं अनेक वडिलांना मनापासून वाटलं आणि देश सोडण्याचा निर्णय पुढे ढकलला गेला. शिक्षकांची सवलत १९३५ मध्ये संपली. मुलांच्या बाबतीत ती कागदावर जास्त टिकली, पण कागदावर नाव असलेलं मूल वर्गात काय सोसत होतं याच्याशी कागदाचा काही संबंध नव्हता.

वर्गात काय बदललं

इथे रेंगाळायला हवं, कारण बहुतेक मुलांची शाळा इथेच सुटली.

दिवसाची सुरुवात. तास सुरू होताना आणि संपताना हात वर करून ‘हाइल हिटलर’ म्हणायची पद्धत १९३३ पासून शाळांत आली. ज्यू मुलाने काय करायचं याला एकच उत्तर नव्हतं. कुठे त्याला सलाम करायला मनाई होती, कुठे न केल्याबद्दल ओरडा बसे. हात वर केला तर ‘तुझी हिंमत कशी झाली’, नाही केला तर ‘देशद्रोही’. सात वर्षांच्या मुलाला रोज सकाळी हा पेच सोडवावा लागे, आणि त्याचं बरोबर उत्तर शिक्षकागणिक बदले.

गाणी. हिटलरच्या तपकिरी गणवेशवाल्या टोळ्या रस्त्यावर ज्यूंचं रक्त सुरीवरून उडण्याची गाणी म्हणत जात. तीच गाणी मुलांच्या मोर्चांत आणि सहलींत आली. ज्यू मूल रांगेत चालत असताना शेजारचा मित्र तेच गात असे, कधी काय गातोय याची जाणीवही नसताना.

पुस्तकं आणि तास. जर्मनीतलं सर्वांत मोठं राज्य असलेल्या प्रशियात १३ सप्टेंबर १९३३ च्या आदेशाने वरच्या वर्गांत ‘वंशशास्त्र’ सक्तीचं झालं, आणि पुढे देशभर. या तासाला डोक्याचं माप घेणं, नाकाचे आकार फळ्यावर काढणं, वर्गातल्या मुलांना पुढे बोलावून ‘नमुना’ म्हणून दाखवणं असे प्रकार चालत. विषय तेवढ्यापुरता मर्यादित राहिला नाही. गणिताच्या पुस्तकात ज्यूंना ‘परके’ म्हणून देशाची लोकसंख्या आणि ज्यूंची संख्या देत आणि परक्यांची टक्केवारी काढायला सांगत. उत्तर येई पाऊण टक्का. ज्यू मुलालाही ते वहीत सोडवावं लागे, आणि बरोबर आलं तर मार्क मिळत. आमच्या मते या सगळ्या साहित्यात हे उदाहरण सर्वांत भयंकर आहे. त्यात शिवी नाही, ओरडणं नाही, मुलाने स्वतःच्या हाताने स्वतःला बेरजेतून वेगळं काढायचं एवढंच आहे.

न्यूरेम्बर्गचा युलियुस श्ट्रायखर हा पेशाने प्राथमिक शिक्षक. त्याचं ‘डेअर श्ट्युर्मर’ हे साप्ताहिक १९२३ पासून निघत होतं. प्रत्येक अंकाच्या तळाशी ‘ज्यू हेच आमचं दुर्दैव’ ही ओळ असे. अंक विकत घ्यायचीही गरज नव्हती. बसथांब्याजवळ, चौकात, काही ठिकाणी शाळेच्या रस्त्यावरच काचेच्या पेट्यांत तो लावलेला असे, व्यंगचित्रांसकट. त्याच प्रकाशनाने लहान मुलांसाठी रंगीत चित्रपुस्तकं काढली. १९३६ च्या एका पुस्तकात ज्यू मुलांना आणि ज्यू शिक्षकाला शाळेतून हाकललं जातंय आणि बाकीची मुलं आनंदाने पाहताहेत असं चित्र आहे. म्हणजे प्रत्यक्ष आदेशाच्या दोन वर्षं आधी तो प्रसंग मुलांच्या पुस्तकात काढून झालेला होता.

बाक. अनेक वर्गांत ज्यू मुलांना मागे किंवा कोपऱ्यात वेगळ्या बाकावर बसवलं गेलं. वेगळं बसवणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या तरटावर बसावं लागे, हे आपण त्यांच्याच लेखनातून वाचलेलं आहे. जर्मनीतला फरक एवढाच की हे बाक नवं होतं. गेल्या वर्षापर्यंत शेजारी बसणारा, डबा वाटून खाणारा मुलगा यंदा तीन रांगा पुढे बसला होता आणि मागे वळून पाहत नव्हता.

मित्र. ‘हिटलर युवा’ ही संघटना ज्यू मुलांना बंद होती. १ डिसेंबर १९३६ च्या कायद्याने तिला सगळ्या जर्मन मुलांची सरकारी संघटना केलं आणि मार्च १९३९ पासून ती सक्तीची झाली. संध्याकाळचे खेळ, शिबिरं, गणवेश, बिल्ले सगळं तिथे. १९३४ ते १९३६ या काळात तिच्या सभासदांना शनिवारी शाळेला सुट्टी असे आणि बाकीच्यांनी शाळेत येऊन बसायचं असे. शनिवार हा ज्यूंच्या विश्रांतीचा, शब्बाथचा दिवस. त्यामुळे रिकाम्या वर्गात नेमकी कोण उरली ते सगळ्या गावाला दिसे. वाढदिवसाची बोलावणी थांबली. पोहण्याच्या तलावांवर गावागावांतून बंदीच्या पाट्या लागत गेल्या, म्हणून पोहण्याचा तास चुके. सहलीचा मुक्काम जिथे, त्या वसतिगृहात प्रवेश नाही, म्हणून सहल चुके. एकेक घटना सांगितली तर किरकोळ वाटते. पालकांनाही तशीच वाटे, कारण मुलं घरी सगळं सांगत नसत. आई आधीच रडवेली आहे, बाबांची नोकरी गेली आहे, त्यात आपली भर नको, असं आठ वर्षांचं पोर ठरवत होतं.

मुलांना जास्त करून मार बसे, मुलींना जास्त करून वाळीत टाकलं जाई. शाळेतून घरी जायचा रस्ता हा सर्वांत धोक्याचा भाग. दगड, थुंकणं, दप्तर ओढणं. मोठ्या शहरात मूल गर्दीत हरवू शके, गल्ली बदलू शके. खेड्यात ते जमत नसे. तिथे एकच शाळा, एकच रस्ता, आणि सगळ्यांना सगळं माहीत. म्हणून खेड्यांतली ज्यू घरं आधी उठली. अनेक कुटुंबं बर्लिन, फ्रँकफुर्ट अशा शहरांत आली ती मुलांच्या शाळेसाठीच.

आणि शिक्षक. १९३७ पर्यंत सुमारे ९७ टक्के शिक्षक नाझी शिक्षक संघटनेत होते. सगळेच मनाने नाझी होते असं नाही. काही जण ‘वंशशास्त्रा’चा तास उरकून टाकत, मोर्चा निघणार असेल त्या दिवशी ज्यू मुलाला आधीच घरी पाठवत, वहीवर पूर्वीसारखाच प्रामाणिक शेरा लिहीत. मोठेपणी लिहिलेल्या आठवणींतून अशा शिक्षकांबद्दलची कृतज्ञता सापडते, यावरून ते किती थोडे असतील याचा अंदाज येतो. बहुसंख्य शिक्षकांनी मुद्दाम काही केलं नाही. हात वर केलेल्या ज्यू मुलाला उत्तर विचारायचं सोडलं, मधल्या सुट्टीतली मारामारी पाहून खिडकीकडे तोंड फिरवलं. वर्गातल्या मुलांना तेवढी परवानगी पुरली.

१९३५ : ज्यू कोण, हे कसं ठरलं

१५ सप्टेंबर १९३५ ला न्यूरेम्बर्ग कायदे झाले. एकाने ज्यूंचं पूर्ण नागरिकत्व काढलं, दुसऱ्याने ज्यू आणि ‘जर्मन रक्ता’च्या व्यक्तींमधलं लग्न आणि संबंध गुन्हा ठरवले. कोण ज्यू याची व्याख्या १४ नोव्हेंबर १९३५ च्या पूरक आदेशात आली. ती आजी-आजोबा मोजून ठरवायची.

तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू, तर मूल ज्यू. दोन ज्यू असतील, तर ‘पहिल्या दर्जाचं मिश्र’. मात्र ते ज्यू धर्मसमाजाच्या नोंदवहीत असेल किंवा त्याचं लग्न ज्यू व्यक्तीशी झालं असेल, तर पुन्हा ज्यूच. एक ज्यू असेल, तर ‘दुसऱ्या दर्जाचं मिश्र’.

आता मुख्य गोम. आजी किंवा आजोबा ज्यू आहेत हे कशावरून? ते ज्यू धर्मसमाजाचे सभासद होते की नाही यावरून. म्हणजे रक्ताचा आणि वंशाचा एवढा डंका पिटणाऱ्या कायद्याचा पुरावा शेवटी धर्माच्या नोंदवहीतच होता, कारण मोजता येईल असा ‘वंश’ अस्तित्वातच नव्हता. डोक्याची मापं वर्गात घेतली, निकाल चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीने दिला. आई-वडिलांनी ख्रिस्ती धर्म घेतलेला, घरात नाताळचं झाड, आणि बाराव्या वर्षी शाळेच्या फॉर्मवरून आपण ज्यू आहोत हे कळलं, अशी अनेक मुलं होती. त्यांची कोंडी वेगळीच होती. ज्यू मुलांत त्यांचं कुणी नव्हतं आणि जर्मन मुलांनी त्यांना बाहेर काढलं होतं. ‘मिश्र’ मुलं १९३८ नंतरही जर्मन शाळेत राहू शकली, पण ‘पहिल्या दर्जा’च्या मुलांना जुलै १९४२ मध्ये माध्यमिक शाळांची दारं बंद झाली.

ज्यू शाळा : आसरा आणि त्याच्या मर्यादा

सप्टेंबर १९३३ मध्ये जर्मन ज्यूंची एक मध्यवर्ती संस्था उभी राहिली, अध्यक्ष रब्बी (ज्यू धर्मगुरू) लिओ बेक. शाळा वाढवणं हे तिच्या मोठ्या कामांपैकी एक होतं. काही शाळा जुन्याच होत्या. फ्रँकफुर्टची फिलांथ्रोपीन १८०४ पासूनची. काही नव्याने निघाल्या. बर्लिनजवळ कापुट इथे गेर्ट्रूड फायरटाग यांची निवासी शाळा होती. आईनस्टाईन देश सोडून गेल्यावर त्याचं तिथलं उन्हाळी घरही या शाळेने वर्गांसाठी वापरलं.

या शाळांत मुलांना बऱ्याच काळानंतर मोकळा श्वास घेता आला. तिथे हात वर केला की उत्तर विचारलं जाई. हिब्रू, इंग्रजी, सुतारकाम, शिवण, शेती असे विषय वाढवले गेले, कारण मूल कोणत्या देशात जाऊन पडेल याचा नेम नव्हता. अडचणीही ठरलेल्या. वर्ग गच्च भरलेले. शिक्षक वर्षाच्या मध्येच परदेशी निघून जात, मुलंही. या महिन्यात शेजारी बसणारी मैत्रीण पुढच्या महिन्यात शांघायला किंवा ब्राझीलला. लहान गावांत अशी शाळा नव्हतीच, मग रोज लांबचा रेल्वे प्रवास, आणि त्या डब्यात पुन्हा तेच. शिवाय अनेक पालकांना ज्यू शाळेत घालणं म्हणजे आपण जर्मन नाही हे कबूल करणं वाटे. त्यामुळे काहींनी मुलाला जर्मन शाळेत एक-दोन वर्षं जास्त ठेवलं. त्या वर्षांची किंमत मुलांनी दिली.

नोव्हेंबर १९३८ आणि आगगाड्या

पॅरिसमधली ती हत्या हर्शेल ग्रिन्श्पान या सतरा वर्षांच्या मुलाच्या हातून झाली. तो हानोफरमध्ये वाढलेला, १९३५ मध्ये शाळा सुटलेला. त्याच्या आई-वडिलांना इतर हजारो पोलिश ज्यूंसोबत पोलंडच्या सीमेवर नेऊन टाकलं होतं. ७ नोव्हेंबरला त्याने जर्मन वकिलातीतल्या अधिकाऱ्यावर गोळी झाडली. ९ आणि १० नोव्हेंबरला देशभर सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळले गेले, दुकानं फोडली गेली, सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत नेलं. कापुटच्या शाळेवरही १० तारखेला हल्ला झाला आणि मुलांना हाकलून दिलं. फायरटाग यांचा पुढे आउश्विट्झच्या मृत्युछावणीत अंत झाला. या हल्ल्यांनंतर पाच दिवसांनी रुस्टचा आदेश आला.

आता पालकांचा प्रश्न शाळेचा उरला नाही, मूल देशाबाहेर कसं काढायचं एवढाच राहिला. २१ नोव्हेंबरला ब्रिटिश संसदेत चर्चा झाली आणि सतरा वर्षांखालच्या मुलांना आई-वडिलांशिवाय घ्यायचं ठरलं. पद्धत अशी. पालकांनी स्थानिक ज्यू संस्थेत अर्ज भरायचा, सोबत फोटो आणि आरोग्याचा दाखला. कागद लंडनला जात, तिथली समिती निवड करी. निवडलेल्या मुलाला पासपोर्टऐवजी फोटो असलेलं ओळखपत्र मिळे. पुढे प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी मागितली जाऊ लागली, आणि तिथे अनेक अर्ज अडले, कारण ब्रिटनमध्ये ओळखीचं कुणी असल्याशिवाय ती रक्कम उभी राहत नव्हती. सामान म्हणजे मुलाला स्वतः उचलता येईल अशी छोटी बॅग. रोख १० जर्मन मार्क. दागिने किंवा मौल्यवान वस्तू नाहीत, सीमेवर बॅगा उघडून पाहत. गळ्यात क्रमांकाचा बिल्ला, तोच क्रमांक बॅगेवर. आगगाडीने हॉलंडचं बंदर, रात्रीचं जहाज, सकाळी इंग्लंडचं हारविच. पहिली तुकडी २ डिसेंबर १९३८ ला उतरली. १ सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू होईपर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकियातून सुमारे १० हजार मुलं अशी आली.

मुलं वाचली, पण योजनेत चुका होत्या. भावंडं वेगळ्या घरांत गेली. काही घरांनी मोठ्या मुलींना मोलकरणीसारखं वापरलं. काही लहान मुलं ख्रिस्ती घरांत वाढून आपली भाषा आणि धर्म विसरली. १९४० मध्ये सोळा वर्षांवरच्या अनेकांना ‘शत्रुदेशाचे नागरिक’ म्हणून ब्रिटननेच नजरकैदेत टाकलं. अमेरिकेत २० हजार मुलांना आणण्याचं विधेयक १९३९ मध्ये मांडलं गेलं, ते मतदानापर्यंत पोचलंच नाही. आई-वडील ‘मागून येतो’ म्हणाले होते. बऱ्याच मुलांचे ते आले नाहीत.

जी मागे राहिली त्यांच्यासाठी नियम वाढत गेले. १ जानेवारी १९३९ पासून ज्यू नावांच्या सरकारी यादीबाहेरचं नाव असेल तर मुलाच्या नावापुढे ‘इस्रायल’ आणि मुलीच्या नावापुढे ‘सारा’ लावणं सक्तीचं झालं. १९ सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यू व्यक्तीने कपड्यावर पिवळा तारा शिवायचा. त्याआधी मूल अनोळखी गल्लीत निदान अनोळखी राहू शकत होतं. ऑक्टोबर १९४१ मध्ये देश सोडायलाही बंदी आली आणि ज्यूंना पूर्वेकडे हद्दपार करणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. ३० जून १९४२ पर्यंत उरलेल्या ज्यू शाळा बंद करण्यात आल्या. मराठीत आपण जिची रोजनिशी वाचतो ती अॅन फ्रँकही फ्रँकफुर्टचीच. १९३४ मध्ये ती अॅम्स्टरडॅमला आली म्हणून तिला काही वर्षं साधी शाळा मिळाली. १९४१ मध्ये तिथेही तिला शाळा सोडून ज्यू मुलांच्या शाळेत जावं लागलं. जर्मनीत जे घडायला पाच-सहा वर्षं लागली, ते नेदरलँड्समध्ये नाझींनी साधारण दोन वर्षांत उरकलं. कृती आता पाठ झाली होती.

आपल्याकडे हे सांगताना

याच काळात मुंबईत बेने इस्रायल या ज्यू समाजाची मुलं मराठी बोलत, शब्बाथ पाळत शाळेत जात होती. कोकणातल्या ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या समाजासाठी हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली होती. ज्यू म्हणून वाढणं म्हणजे छळ सोसणं हे काही निसर्गाने ठरवलेलं नाही, याचा हा आपल्या दाराशी असलेला पुरावा. युरोपातून पळालेले काही ज्यू मुंबईत आले, त्यांच्यासाठी १९३४ मध्ये मदतसंस्था निघाली. युद्ध सुरू झाल्यावर त्यांच्यातल्या अनेकांना जर्मन पासपोर्टमुळे अहमदनगरच्या छावणीत ठेवलं गेलं. चौकशीनंतर बहुतेकांना सोडलं.

आणि त्याच महाराष्ट्रात आजही कडक मास्तरांना कौतुकाने ‘हिटलर’ म्हणतात, त्याचं आत्मचरित्र पदपथावर प्रेरणादायी पुस्तकांच्या शेजारी मांडलेलं असतं. ‘शिस्त तरी होती’ हे वाक्य स्टाफरूममध्ये सहज येतं. ती शिस्त वर्गात कशी दिसत होती ते वर आलंच आहे.

शाळेत हा विषय घ्यायचा असेल तर काही गोष्टी टाळाव्यात. मुलांना तारे लावून ‘ज्यू’ आणि ‘नाझी’ असे गट पाडू नयेत. खेळ म्हणून सुरू झालेलं काही मिनिटांत खरं होतं, आणि वर्गातल्या आधीच एकट्या पडलेल्या मुलावर ते शेकतं. प्रेतांचे फोटो आठवीच्या आत दाखवू नयेत. मूल डोळे मिटतं आणि पुढचं काही ऐकत नाही. नाझींचं टक्केवारीचं गणित जसंच्या तसं सोडवायला देऊ नये, ते प्रचाराचंच साधन आहे. त्याऐवजी २५ एप्रिल १९३३ चा नियम फळ्यावर लिहून आपल्याच शाळेचा पट त्यात घालावा, १.५ आणि ५ टक्के काढावेत आणि उरलेली मुलं कुठे जातील ते विचारावं. मग तारखांची एक पट्टी करावी : एप्रिल १९३३, सप्टेंबर १९३५, नोव्हेंबर १९३८, सप्टेंबर १९३९, ऑक्टोबर १९४१. दर तारखेला एका घराकडे कोणते कागद, किती पैसे आणि कोणते रस्ते शिल्लक होते ते मुलांकडून भरून घ्यावं. दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत १९३५ पर्यंत पोचलात तरी चालेल, घाई करून सगळं एका तासात बसवू नका.